शिवारातली धावपट्टी

१९०४ च्या वसंतात विल्बर आणि ऑरव्हिल राइट मोकळ्या जागेच्या शोधात होते. आदल्या डिसेंबरात किटी हॉकच्या वाळूवर त्यांचं यंत्र हवेत उडालं होतं. पण ती जागा समुद्रकाठी, घरापासून शेकडो मैल लांब. रोजच्या रोज सराव करायचा तर ओहायोतल्या त्यांच्या डेटन गावाजवळच काहीतरी पाहायला हवं होतं. गावातल्या एका बँकेचे अध्यक्ष टोरेन्स हफमन यांचं शहराबाहेर आठेक मैलांवर ८४ एकरांचं कुरण होतं. त्यांनी भाडं मागितलं नाही. अट एकच घातली : यंत्र बाहेर काढण्याआधी गाई-घोडी कुंपणापलीकडे नेऊन सोडायची.

कुरण काही सपाट नव्हतं. गवताच्या गाठींनी सगळीकडे उंचवटे झालेले. राइट बंधूंच्या विमानाला तेव्हा चाकंही नव्हती. लाकडी रुळावरून ते सुटायचं आणि परत येताना पोटाखालच्या पट्ट्यांवर गवतात घसरत थांबायचं. वारा पडला की रुळावर पुरेसा वेगच येईना, म्हणून त्यांनी मचाण उभारून वरून वजन सोडायची युक्ती काढली. ते वजन खाली येताना दोराने विमानाला पुढे ओढायचं. याच कुरणावर २० सप्टेंबर १९०४ रोजी विमानाने पहिल्यांदा पूर्ण गोल फेरा मारला. तो पाहायला एमॉस रूट नावाचे मधमाश्या पाळणारे गृहस्थ हजर होते. त्यांनी लिहिलेलं वर्णन पुढच्या जानेवारीत त्यांच्याच मधमाशीपालनाच्या मासिकात छापून आलं. पुढल्या वर्षी, ५ ऑक्टोबर १९०५ ला, विल्बर या कुरणाला घिरट्या घालत ३९ मिनिटं हवेत राहिले, २४ मैल उडाले आणि पेट्रोल संपल्यावरच खाली आले.

विमानाचं बालपण कुणाच्या तरी गुरांच्या कुरणात गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आज शेतात किंवा गावच्या रस्त्यावर विमान उतरलं की बातमी होते, आणि तिच्यात कुठेतरी अपघाताचा सूर असतो. इतिहास नेमका उलटा आहे. विमान आधी शेतातच उतरत होतं. त्याच्यासाठी राखीव, काँक्रीटची, कुंपण घातलेली जागा पुष्कळ नंतर आली.

त्यामागे यंत्राचंच कारण होतं. सुरुवातीची विमानं वजनाला हलकी, वेगाला कमी. आडवा वारा त्यांना सोसायचा नाही; उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडेच हवं. वारा आज पश्चिमेचा तर उद्या दक्षिणेचा. मग एकाच दिशेने आखलेल्या लांबट पट्टीचा उपयोग काय? हवं होतं ते चारी बाजूंनी मोकळं मैदान, जिकडून वारा येईल तिकडे तोंड करून उतरता येईल असं. शिवाय त्या विमानांना ब्रेक नव्हते. शेपटीखाली लाकडाची किंवा लोखंडाची एक टेकण असायची. ती गवतात रुतत, माती खरवडत जायची आणि त्यानेच विमान थांबायचं. कठीण फरशीवर तीच टेकण नुसती घसरत जाणार. त्यामुळे गवताळ माळ ही वेळ मारून नेण्याची जागा नव्हती, त्या यंत्राला तीच सर्वांत मानवणारी होती. १९३० च्या दशकात विमानं वजनदार झाली, चाकं मातीत रुतू लागली, तेव्हा कुठे पक्क्या धावपट्ट्या वाढू लागल्या.

लुई ब्लेरियो यांनी २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली तीही फ्रान्समधल्या कॅलेजवळच्या एका शेतावरून निघून. पलीकडे डोव्हरच्या किल्ल्यामागे उताराचं एक कुरण होतं, आणि तिथे एक फ्रेंच वार्ताहर तिरंगी झेंडा हलवत उभा होता : इथे उतरा. ब्लेरियो उतरले ते आदळतच. चाकांचा सांगाडा मोडला. पण विमानाला खालून खूण करणारा माणूस या हकिगतीत तेव्हापासून आहे, आणि त्याचं महत्त्व पुढेही कधी कमी झालं नाही.

पहिलं महायुद्ध संपलं आणि अमेरिकन सैन्याकडे कर्टिस कंपनीची शेकडो ‘जेनी’ विमानं पडून राहिली. ती मातीमोल भावाने विकली गेली. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२३ मध्ये जॉर्जियात पहिलं विमान घेतलं ते असंच, ५०० डॉलरला. या विमानांवर गावोगाव हिंडणारे वैमानिक तयार झाले. गावावर खालून एक-दोन घिरट्या घालायच्या, माणसं घराबाहेर आली की रस्त्यालगतचं एखादं शेत निवडून उतरायचं. मग शेतकऱ्याकडे जाऊन परवानगी मागायची, त्याला आणि त्याच्या घरच्यांना फुकट फेरी द्यायची, आणि बाकीच्यांना पैसे घेऊन वर न्यायचं.

वरून शेत वाचणं ही त्या माणसांची खरी विद्या होती. उभ्या मक्यात उतरलं तर विमान तोंडावर उलटणार. कापणी झालेल्या रानात खुंट असले तरी जमीन घट्ट असते, ते चालेल. गर्द हिरवा, चमकदार पट्टा दिसला तर तिथे पाणी साचतं, चाक रुतणार. गवत उंच असेल तर त्याखाली चर आहे की ओंडका, हे वरून कळत नाही. वाऱ्याची दिशा धुराड्याच्या धुरावरून, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून, तळ्यावरच्या लाटांवरून ओळखायची. कुंपणाची तार दिसत नाही, पण तिचे खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असंच धरायचं. हा शेवटचा नियम शंभर वर्षांनंतर आजही तितकाच खरा आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात एकाच तारेवरून वीज नेतात आणि परतीचा मार्ग म्हणून जमीनच वापरतात. खर्च वाचतो, पण ती एकुलती तार वरून जवळजवळ अदृश्य असते. शेतावर औषध फवारणाऱ्या वैमानिकांना सर्वांत जास्त भीती तारांचीच.

अमेरिकेतल्या या भटकंतीला १९२६ च्या कायद्याने लगाम घातला. विमानांची नोंदणी आली, वैमानिकांना परवाने आले. त्यासोबत दुसरा एक प्रश्न वर आला. जमीन माझी, तर तिच्यावरचं आकाश कुणाचं? जुना युरोपीय कायदा म्हणायचा की ज्याची जमीन त्याचंच वरचं सगळं, आकाशापर्यंत. नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो इथल्या विमानतळालगत थॉमस कॉसबी नावाच्या शेतकऱ्याची तीन एकरांहून कमी जागा होती. तिथे ते कोंबड्या पाळत. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं त्यांच्या घराच्या छपरावरून अवघ्या ६७ फुटांवरून जाऊ लागली. कोंबड्या बिथरून भिंतींवर आपटायच्या आणि मरायच्या. एकेका दिवसात सहा ते दहा. सुमारे दीडशे कोंबड्या गेल्या आणि धंदा बसला. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आकाशापर्यंतच्या मालकीचा जुना सिद्धांत आजच्या जगात टिकणार नाही, वरचं आकाश सर्वांचा मार्ग आहे. पण जमीन वापरणंच अशक्य व्हावं इतक्या खालून सरकार विमानं नेत असेल, तर ती मालमत्ताच घेतल्यासारखी आहे आणि तिची भरपाई द्यावी लागेल. खासगी जमिनीच्या अगदी वरच्या हवेवर, म्हणजे विमान जिथून उतरतं त्याच थरावर, जमीनमालकाचा हक्क या निकालाने शाबूत राहिला. तो कुणा बड्या जमीनदाराने नाही, कोंबड्या पाळणाऱ्याने मिळवला.

या साऱ्या कुळातली सर्वांत भरदार शाखा मात्र ऑस्ट्रेलियात वाढली.

तिथल्या अंतर्भागात ‘स्टेशन’ म्हणतात त्या गुरामेंढ्यांच्या मालमत्ता एवढ्या मोठ्या की शेजाऱ्याचं घर पन्नास-शंभर किलोमीटरवर. ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हेही लिहायला हवं. क्वीन्सलंडमध्ये क्लोनकरीच्या पश्चिमेच्या डोंगराळ मुलखात कालकाडून लोकांनी १८८४ पर्यंत गोऱ्या पशुपालकांशी लढा दिला होता. ते हरले, आणि मग त्या मुलखात अशा अवाढव्य मालमत्ता पक्क्या झाल्या. पुढे त्यांच्यावर विमानं उतरली.

१९१७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॉल्स क्रीकजवळ जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला आणि त्याला आतून जबर मार लागला. गावात डॉक्टर नव्हता. पोस्टमास्तर फ्रेड टकेट यांना प्रथमोपचाराची थोडी माहिती होती. पर्थहून डॉक्टर हॉलंड तारेने एकेक सूचना पाठवत होते आणि टकेट खिशातल्या चाकूने शस्त्रक्रिया करत होते. मग हॉलंड स्वतः निघाले : गुरं नेणाऱ्या बोटीने, पुढे मोटारीने, शेवटी घोडागाडीने आणि पायी. ते पोहोचले तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी मेला होता. शस्त्रक्रियेने नव्हे, हिवतापाने. ही गोष्ट देशभरच्या वर्तमानपत्रांत दिवसेंदिवस छापून आली.

त्याच वर्षी क्लिफर्ड पील नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने, जो हवाई दलात दाखल होऊन युद्धावर निघाला होता, जॉन फ्लिन या पाद्र्यांना एक पत्र लिहिलं. अंतर्भागातल्या माणसांपर्यंत डॉक्टर विमानाने कसा नेता येईल, खर्च किती, अंतरं किती, याचा त्यात हिशेब होता. पील १९१८ मध्ये फ्रान्सवर उडत असताना बेपत्ता झाला; आपल्या पत्राचं काय झालं हे त्याला कळलं नाही. फ्लिन यांनी मात्र त्या पत्राचा पिच्छा दहा वर्षं सोडला नाही. कापणीयंत्रांचे कारखानदार ह्यू मॅके यांनी मृत्युपत्रात दोन हजार पौंड ठेवले, क्वान्टास या तेव्हाच्या छोट्या विमान कंपनीने मैलाच्या भाड्याने विमान दिलं, आणि १७ मे १९२८ रोजी वैमानिक आर्थर ॲफ्लेक डॉक्टर सेंट व्हिन्सेंट वेल्च यांना घेऊन क्लोनकरीहून ज्युलिया क्रीकला उतरले. अंतर साधारण १३७ किलोमीटर. शंभराहून जास्त माणसं वाट पाहत होती. विमानात रेडिओ नव्हता. ॲफ्लेक उघड्या खोबणीत बसून कुंपणं, तारेचे खांब, नद्यांची कोरडी पात्रं पाहत वाट काढायचे.

पण डॉक्टर आला तरी उतरणार कुठे? ‘फ्लाइंग डॉक्टर’च्या गोष्टीत विमान आणि डॉक्टर नेहमी दिसतात, जमीन तयार करणारी माणसं दिसत नाहीत. प्रत्येक स्टेशनच्या मालकाने, त्याच्या बायकोने, गड्यांनी, आणि पुष्कळ ठिकाणी तिथे राबणाऱ्या आदिवासी कामगारांनी झुडपं तोडली, वारुळं फोडली, दगड वेचले, खड्डे भरले आणि जमीन दाबून घेतली. सरकारने जागा संपादन केली नाही, ठेकेदार नेमला नाही. आपल्या घरची माणसं आजारी पडली तर विमान उतरायला हवं, एवढंच कारण पुरेसं होतं. आणि एकाने केलेली पट्टी आसपासच्या सगळ्यांना उपयोगी पडायची.

हाक मारण्याची सोय १९२९ मध्ये आली. आल्फ्रेड ट्रेगर यांनी सायकलच्या पायट्यांवर चालणारं वीजयंत्र आणि त्याला जोडलेलं बिनतारी यंत्र बनवलं. घरातली बाई खुर्चीत बसून पाय मारत संदेश पाठवू शकायची. मोर्सची लिपी शिकणं अवघड पडतं हे पाहून त्यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणं बसवली. अक्षराचं बटण दाबलं की मोर्सच्या खुणा आपोआप जायच्या. १९४२ पासून स्टेशनांवर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या. पेटीतल्या प्रत्येक औषधाला क्रमांक. डॉक्टर तिकडून सांगणार, अमुक क्रमांकाच्या दोन गोळ्या द्या. औषधाचं नाव वाचता-उच्चारता येण्याचीही गरज नाही.

याच मुलखात नॅन्सी बर्ड या मुलीने १९३५ मध्ये, वयाच्या विशीच्या आत, व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला आणि न्यू साउथ वेल्सच्या बर्क गावातून लहान मुलांच्या आरोग्यासाठी नर्सला घेऊन ती दूरच्या वस्त्यांवर जाऊ लागली. उतरायला कधी पाणी आटलेली चिकणमातीची तळी, कधी मेंढ्यांची कुरणं. सुकलेलं तळं सपाट आणि टणक असतं, त्याच्यावर झाड उगवत नाही. निसर्गाने केलेली याहून चांगली धावपट्टी त्या भागात नाही. पण एका पावसात त्याचा चिखल होतो आणि आठवडाभर तिथे पायही ठेवता येत नाही. म्हणून विमान निघण्याआधी पाऊस कधी पडला हे विचारावंच लागायचं.

ही विचारपूस आजही तशीच चालते. ऑस्ट्रेलियाच्या नागरी हवाई खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत मातीची पट्टी तपासण्याची एक रीत दिलेली आहे. कडक स्प्रिंगांची गाडी पट्टीवरून ताशी किमान ७५ किलोमीटर वेगाने न्यायची. आत बसलेल्यांना धक्के जाणवले नाहीत तर जमीन ठीक आहे. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. आपल्याकडे रस्त्याचं काम कसं झालंय हे गाडीत बसून पाठीच्या कण्याला कळतं, तीच ही परीक्षा. विमान यायच्या थोडं आधी पुन्हा एकदा गाडी फिरवायची, कांगारू आणि गुरं हुसकावायची. रात्री बोलावणं आलं तर पूर्वी डब्यांत टॉयलेट पेपरची गुंडाळी रॉकेल-डिझेलमध्ये भिजवून ठेवायचे आणि पट्टीच्या दोन्ही कडांना ओळीने पेटवायचे. आता बऱ्याच ठिकाणी सौरदिवे आले आहेत. पण ते ठेवायला, उचलायला आणि वाऱ्याने पाडले तर उभे करायला माणूस लागतोच.

गावाच्या रस्त्यावर विमान उतरवण्याची शिस्तही याच फ्लाइंग डॉक्टर सेवेने बसवली. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया जोडणारा आयर महामार्ग नलारबरच्या झाडहीन पठारावरून जातो. साधारण १,६६० किलोमीटर लांबी. त्यात एक तुकडा असा की जवळजवळ १४७ किलोमीटर रस्त्याला वळणच नाही. नॉर्समन ते सेडुना या बाराशे किलोमीटरच्या टप्प्यात पेट्रोल आणि जेवण देणारे थांबे आहेत, मोठं रुग्णालय नाही. झोपेच्या अमलाखाली चालकाची गाडी उलटली, रात्री कांगारूला धडकली, तर जखमी माणूस पोहोचणार कुठे? म्हणून या रस्त्याचेच काही सरळ तुकडे रुंद आणि मजबूत करून ठेवले आहेत. डांबरावर आडवे पांढरे पट्टे रंगवलेले, विमान वळवायला कडेला जास्तीची जागा, आणि अलीकडे-पलीकडे पाट्या : ही तातडीची धावपट्टी आहे. विमान यायचं असेल तेव्हा पोलीस किंवा जवळच्या थांब्यावरची माणसं दोन्हीकडून वाहतूक अडवतात. ट्रक रांगेत थांबतात, विमान उतरतं, जखमीला आत घेतात, विमान परत उडतं, ट्रक चालू लागतात. रस्ता थोड्या वेळापुरता विमानतळ होतो आणि पुन्हा रस्ता होतो.

न्यूझीलंडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे विमान माणसासाठी नाही, मातीसाठी उतरलं. डोंगरउतारावरच्या मेंढ्यांच्या कुरणांना खत घालायला बैल चढत नव्हते आणि ट्रॅक्टर उलटत होते. १९४९ पासून जुन्या टायगर मॉथ विमानांतून सुपरफॉस्फेट टाकायला सुरुवात झाली, आणि शेतकऱ्यांनी आपापल्या डोंगरधारेवर पट्ट्या काढल्या. आखूड, आणि मुद्दाम उताराच्या. उतरताना चढाकडे, म्हणजे विमान आपोआप थांबतं. उडताना उताराकडे, म्हणजे वेग लवकर येतो. याच कामासाठी १९५४ मध्ये फ्लेचर नावाचं खास विमान आलं. मैदानी मुलखातली वाऱ्याकडे तोंड करण्याची जुनी शिस्त इथे डोंगराने बदलून टाकली.

रस्त्यावरच्या धावपट्टीची दुसरी परंपरा लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीचे विमानतळ बॉम्बहल्ल्यांनी उखडले गेले, तेव्हा जेट विमानं झाडीत लपवून हमरस्त्यांवरून उडवली गेली. शीतयुद्धात पश्चिम जर्मनीने तशा जागा आधीच बांधून ठेवल्या. स्वीडनने तर आपलं विगेन हे लढाऊ विमानच असं घडवलं की त्याला अर्धा किलोमीटर रस्ता पुरेल. अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांबद्दल मात्र एक समज पक्का बसला आहे की दर पाच मैलांतला एक मैल विमानांसाठी सरळ ठेवण्याची सक्ती होती. अशी सक्ती करणारा कायदा तिथे कधीच नव्हता. तिथल्या महामार्ग खात्याच्या इतिहासकारांनी हे वारंवार सांगितलं आहे.

भारतात ही परंपरा उशिरा आली. २१ मे २०१५ रोजी मथुरेजवळ यमुना द्रुतगती मार्गावर वायुदलाचं मिराज उतरलं. मग आग्रा-लखनौ मार्ग. ९ सप्टेंबर २०२१ रोजी राजस्थानच्या सीमेजवळ गांधव-बाखासर इथे राष्ट्रीय महामार्गावरची तीन किलोमीटरची पट्टी सुरू झाली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह आणि रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी वायुदलाच्या सी-१३० विमानातून तिच्यावर उतरले. लष्करासाठी बांधलेल्या या पट्ट्या पूर-भूकंपातही कामी याव्यात, असं सरकारने सांगितलं आहे.

त्याआधीची आपली परंपरा मैदानांची आणि चिखलाची. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके यांनी अलाहाबादहून नैनीला साडेसहा हजार पत्रं विमानाने नेली, ती पोलोच्या मैदानावरून. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. तेव्हाचं जुहू म्हणजे समुद्रालगतची चिखलट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, म्हणून टाटांनी विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक पुण्याला हलवले. उतरायला जागा मिळाली ती येरवड्याच्या तुरुंगाजवळचं एक मैदान. भारतातल्या नियमित हवाई टपालाचा पावसाळी मुक्काम येरवड्याच्या माळावर होता, हे पुणेकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मग ऑस्ट्रेलियातल्यासारखी शेतातली धावपट्टी महाराष्ट्रात का रुजली नाही? पैसा आणि परवाने ही कारणं आहेतच. माझ्या मते खरं कारण सातबाऱ्यावर आहे. छोट्या विमानाला हजार मीटर लांब आणि तीस मीटर रुंद पट्टी धरा. ती झाली तीन हेक्टर, साडेसात एकराला थोडी कमी. महाराष्ट्रात एका शेतकऱ्याची सरासरी जमीन दीड हेक्टरच्या आत. म्हणजे पट्टीचं क्षेत्रफळच दोघांच्या पूर्ण जमिनीएवढं, आणि किलोमीटरभर लांबीत किती बांध, किती वाटण्या, किती विहिरी, किती पाट आणि पंपाकडे जाणाऱ्या किती तारा! हफमन यांची परवानगी एका माणसाची होती. ज्युलिया क्रीकच्या आसपासचा स्टेशन मालक एकटाच ठरवू शकत होता. इथे एका बांधावरून दोन भावांची कोर्टात तारीख चालू असते. पट्टीसाठी शिवारातली ओळीने सगळी खाती एकत्र यायला हवीत, आणि ज्याची विहीर मध्ये येते त्याने ती बुजवायची का, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. म्हणून आपल्याकडे हवेतून येणारं वाहन गावात उतरतं ते हेलिकॉप्टर. शाळेचं किंवा साखर कारखान्याचं मैदान, चुन्याने काढलेलं वर्तुळ, धूळ बसावी म्हणून टँकरने मारलेलं पाणी, बाजूला अग्निशामक बंब. ही तयारी महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्याला चांगली ठाऊक आहे, आणि तिची सवय बहुतेक निवडणुकीच्या दिवसांत झालेली आहे.

रस्त्याचं मात्र वेगळं आहे. तो आधीच सार्वजनिक आहे, त्याचं संपादन होऊन गेलं आहे, त्याच्यावर बांध नाहीत. ऑस्ट्रेलियातली शेतातली शाखा आपल्याला घेता येणार नाही. नलारबरची घेता येण्यासारखी आहे, आणि ती घेतली नाही याची मला खंत वाटते. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुका दरवर्षी तुटतो. तिथे माणसं रुग्णाला खाटेवर घालून खांद्यावरून आणतात. तीन किलोमीटरवर हेमलकशाचं लोकबिरादरीचं रुग्णालय आहे म्हणून कित्येक जीव वाचले. तिथे घनदाट जंगल आहे, रस्त्याला झाडं लागून आहेत, पट्टीसाठी ती तोडणं मला मान्य नाही. तिथे हेलिकॉप्टरच योग्य. पण मराठवाड्यात, पश्चिम विदर्भात, खानदेशात चौपदरी रस्ते सपाट माळांवरून सरळ गेले आहेत, आणि अपघातातल्या जखमीला मोठ्या शहरातल्या रुग्णालयात पोहोचायला तास मोजावे लागतात. रस्ता आखतानाच एक-दीड किलोमीटरचा तुकडा निवडायचा, विजेचे खांब तेवढ्यापुरते दूर न्यायचे, मधला दुभाजक उचलून ठेवता येईल असा बसवायचा. खर्च रस्त्याच्या मानाने किरकोळ. अवघड आहे ते पुढचं : रात्री दोन वाजता फोन आला की दोन्हीकडची वाहनं अडवणारी, गुरं आणि कुत्री हाकलणारी, दिवे मांडणारी आणि वारा कुठून आहे हे वैमानिकाला नीट सांगणारी माणसं त्या तुकड्याजवळच्या ढाब्यावर, ग्रामपंचायतीत आणि पोलीस चौकीत तयार करावी लागतील, आणि ती बदलून गेली की पुन्हा नवी तयार करावी लागतील.